आजीच्या ठुशीची दोरी

"ताई, ही ठुशी कुणाच्या गळ्यातली म्हनायची?" पटवेकऱ्याने चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. कोल्हापूरची गुजरी, दुपारचे साडेबारा, बाहेर ऊन आणि आत त्याच्या त्या दीड माणूस मावेल एवढ्या जागेत मी स्टुलावर अंग चोरून बसलेले. भाचीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. आजीची ठुशी तिने घालायची असं ताईने केव्हाच ठरवून टाकलेलं, पण मागची दोरी इतकी कळकट आणि विरलेली की हात लावला तर तुटेल, म्हणून ती नव्याने गाठवून आणायचं काम माझ्याकडे आलं. "आजीच्या," म्हटलं. त्याने दोरी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. "ही बघा. मूळची लाल, ती हितपतूर. मग हितं जोड दिलाय, ह्यो जरा डाळिंबी. आन पुन्हा हितं, ह्यो काळा. दोनदा वाढवलीया. घालनारीचा गळा वाढत गेलता जनू." आणि एवढं बोलून, जसं काही झालंच नाही अशा थाटात, त्याने कात्री लावून ती दोरी कापली.

मी त्याला थांबवायला हवं होतं असं मला रस्त्यावर आल्यावर वाटलं. तसं थांबवून करणार काय होते म्हणा.

कापलेली दोरी त्याने कागदाच्या पुडीत बांधून दिली, सोन्याची तार किंवा एखादा मणी अडकलेला असला तर नंतर भांडण नको म्हणून ते लोक सगळं परत देतात. पुण्याच्या गाडीत बसल्यावर कराड येईपर्यंत मी ती पुडी चार वेळा उघडली. लाल, डाळिंबी, काळा. वास अजून होता तिला, खोबरेल तेल आणि घाम आणि ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या असं सगळं मिळून. तिन्ही तुकडे मिळून वीतभर सुद्धा नसतील. आणि मला एकदम आजी चहा पिताना दिसली. गडहिंग्लजच्या घरातला मागचा सोपा, ती भिंतीला टेकून बसलेली, बशीत चहा ओतून फुर्रकन प्यायची, आणि प्रत्येक घोटाबरोबर तिची ठुशी वर जायची आणि खाली यायची. आम्ही पोरं समोर फतकल मारून ते बघायचो. मला ते फार भारी वाटायचं, ठुशी जिवंत आहे असं. "आजी परत पी ना" म्हटलं की ती पण हसून मुद्दाम मोठा घोट घ्यायची.

आता माझं वय 46 आहे आणि गेली नऊ वर्षं रोज सकाळी साडेपाचला मी थायरॉइडची गोळी घेते, त्यामुळे गिळताना गळ्यात काय वर जातं आणि खाली येतं हे मला माहीत आहे. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझ्या मागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली होती आणि म्हणाले होते, तोंडात पाण्याचा घोट घ्या, आता गिळा. पुन्हा गिळा. थायरॉइडची गाठ असली तर ती गिळताना श्वासनळीबरोबर वर सरकते, ते बघायचं असतं. आम्ही पोरं सोप्यात बसून तीच तपासणी करत होतो, फी न घेता.

आजी आमच्या घरात कशासाठी प्रसिद्ध होती, तर थंडपणासाठी. थंड गोळा. हा शब्द मी इतक्या तोंडून ऐकलाय की तो तिच्या नावाचाच भाग वाटायचा. आजोबा म्हणायचे हिला उठवायला बैलं जुंपाय लागतील. मोठी आत्या म्हणायची आईला चूल पेटवायला सांगितली की माणसाने पंढरपूरला जाऊन यावं. मे महिन्यात, पत्रे तापलेले असताना, ती अंगावर घोंगडं घेऊन बसायची आणि त्याची सगळे मजा करायचे. आवाज घोगरा, एवढा की दारामागून बोलली तर पाव्हणे तिला आजोबा समजायचे. भुवया अर्ध्यातच संपलेल्या, बाहेरच्या बाजूला केसच नाहीत. पाय भेगाळलेले, चेहरा नेहमी नुकताच झोपून उठल्यासारखा. या एकेका गोष्टीचं घरात वेगवेगळं कारण होतं बरं का. भेगा चिखलामुळे, चेहरा दुपारच्या झोपेमुळे, झोप आळसामुळे आणि आळस माहेरच्या लाडांमुळे. ती 1991 ला गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. दहाव्याच्या जेवणावळीत सुद्धा कुणीतरी म्हणालं की जाताना मात्र घाई केली म्हातारीनं, आणि लोक हसले.

आम्हाला दहावीला शास्त्राच्या पुस्तकात संप्रेरकं होती. अवटू ग्रंथी, पियुषिका ग्रंथी, अधिवृक्क. पियुषिका हे नाव आम्हा मुलींना एवढं आवडलं होतं की एकीने मुलगी झाली तर हेच ठेवणार असं जाहीर केलेलं. परीक्षेला जोड्या लावा मध्ये यायचं, दोन मार्क. अवटू म्हणजे ज्याला पुढे जगभर थायरॉइड म्हणतात आणि तो आपल्याच गळ्यात फुलपाखरासारखा पसरलेला असतो हे डोक्यात शिरायला मला आणखी वीस वर्षं आणि एक रिपोर्ट लागला. आणि आपण बोलतो पण कसं, "मला थायरॉइड आहे." अगं बाई सगळ्यांनाच असतो. शुगर आहे, बीपी आहे, थायरॉइड आहे. ज्याचा त्रास सुरू होतो ती गोष्ट आपल्याकडे पहिल्यांदाच आली असं आपल्याला वाटतं.

माझं 2016 चं ते वर्ष मला नीट आठवतच नाही, आणि तेच लक्षण होतं. ऑफिसला जाताना पीएमटीत उभ्या उभ्या झोप लागायची. बाथरूमच्या जाळीवर केसांचा बोळा. दर महिन्याला पाळी अशी की चौथ्या दिवशी जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. एखादा साधा शब्द, चमचा, परात, तोंडात यायचा नाही आणि मी हाताने हवेत आकार काढत बसायचे. नवरा पहिल्यांदा काळजीने, मग जरा वैतागून म्हणायला लागला की तू फार आळशी झालीयेस हल्ली. मला राग आला नाही, हे जास्त वाईट. मला ते पटलं. थंड गोळा आमच्या रक्तातच आहे, आजीवर गेले, असं मीच त्याला हसत हसत सांगितलं होतं. अक्षरशः हेच शब्द.

मग ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये टीएसएच आला 38. बाकी सगळे आकडे साध्या अक्षरात, हा एकच ठळक आणि शेजारी चांदणी. नॉर्मल साधारण चारच्या आसपास संपतं. मी घरी फोन करून सांगितलं थायरॉइड वाढलाय, आणि डॉक्टरांनी ते पहिलं दुरुस्त केलं. वाढलेला थायरॉइड नसतो, वाढलेली असते हाक. ती पियुषिका, डोक्यात मटाराच्या दाण्याएवढी बसलेली, तिचं काम खालच्या ग्रंथीला कामाला लावायचं. खालून हॉर्मोन कमी यायला लागला की ती आवाज चढवते, अगं उठलीस का, अगं ए. खालची जितकी मंद तितका वरचा आवाज मोठा, आणि रिपोर्टात टीएसएच म्हणून दिसतो तो आवाज. मला एकदम गडहिंग्लजचा सोपा आणि आजीची सासू आठवली, जिला मी बघितलेलंही नाही, फक्त तिच्या हाकांच्या गोष्टी ऐकल्यात. डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वर हातोडी मारली. पाऊल झटक्यात खाली गेलं आणि परत जागेवर यायला त्याने जी काही फुरसत घेतली! ते मी स्वतः मान वळवून बघितलं. माझ्या आळसाचा पुरावा माझ्या टाचेत होता आणि तो नाटक करत नव्हता.

अँटीबॉडीची टेस्ट पण आली भरपूर. डॉक्टरांनी कागदावर हाशिमोटो लिहिलं, मला ती जपानी गाड्यांची कंपनी वाटली. रात्री मोबाईलवर वाचत बसले. हाकारू हाशिमोटो, तिशीतला डॉक्टर, 1912 साली त्याने चार बायकांच्या गळ्यातून काढलेल्या ग्रंथी मायक्रोस्कोपखाली बघितल्या आणि त्यात पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली पाहून जर्मन भाषेत एक लांबलचक पेपर लिहिला. मग तो आपल्या गावी परत गेला, गावचा डॉक्टर म्हणून राहिला आणि 1934 ला टायफॉइडने गेला. म्हणजे आपलं नाव रोज जगभरात किती कागदांवर लिहिलं जाणार आहे याचा पत्ता नसताना. त्या चार बायकांची मात्र नावं मला कुठे मिळाली नाहीत. माझीच फौज माझ्याच ग्रंथीला परकी समजून खातेय हे वाचून मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं. चला, मी नव्हते तर ती.

गोळी सुरू झाली, आधी 50, मग 75. बारीक, कुंकवाच्या टिकलीएवढी, आणि बाटलीत शंभर. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं हे कळल्यावर मी सहज हिशोब केला, तर अख्ख्या बाटलीत मिळून साडेसात मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा सुद्धा त्याच्याहून जड भरेल. तेवढ्यावर माझे सव्वातीन महिने चालतात, माझं जिने चढणं, चमचा-परात आठवणं, सगळं. अट एकच, उपाशीपोटी आणि नंतर तासभर तरी काही नाही. चहा नाही! ज्या घरात डोळे उघडायच्या आधी चहाचं आधण पडतं त्या घरातल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय हे गोळी शोधणाऱ्यांना कळलं नसणार. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. सहा आठवडे कळ काढा, मग टेस्ट, असं डॉक्टर म्हणालेले, कारण हा हॉर्मोन अंगात हळू साठतो आणि हळूच ओसरतो. मला फरक कळला तो सातव्या आठवड्यात, स्वारगेटला, एका रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला आणि मी त्याच्याशी भांडले. भर चौकात, हातवारे करून, चांगलं दहा मिनिटं. भांडून झाल्यावर मला एवढं छान वाटलं की मी चालतच घरी गेले. वर्षभरात मला कुणाशी भांडायला ताकदच नव्हती हे तेव्हा लक्षात आलं.

त्याच सुमाराला आमच्या सेक्शनमधली एक मैत्रीण होती, तिची गोष्ट उलटी. ती ऑफिसची शान. टेबलावर एक फाइल शिल्लक नाही, सगळ्यांच्या आधी येणार, डब्यात पाच पोळ्या आणि तरी काटकी, एसी सोळावर आणि तरी घामाघूम. साहेब मला तिचं उदाहरण द्यायचे, बघा जरा, किती एनर्जी. एकदा वॉशरूममध्ये ती आरशासमोर टिकली लावत होती आणि तिला ती मधोमध लावता येईना, हात थरथरत होता, तीनदा काढून लावली. डोळे जरा मोठे, टक्क उघडे दिसायला लागलेले. मीच तिला म्हटलं टेस्ट कर. तिचा टीएसएच जवळजवळ शून्य. ग्रेव्ह्ज. ग्रंथी बेलगाम सुटलेली आणि वरची पियुषिका हाक मारायचं सोडून गप्प बसलेली. ग्रंथीला आवर घालणारी गोळी, कार्बिमॅझोल, सुरू झाली, वजन वाढलं, रात्री झोप लागायला लागली, हात थांबले. आणि ऑफिसात लोक म्हणायला लागले हिचं पूर्वीसारखं कामात लक्ष राहिलं नाही. तिच्या आजाराला लोकांनी तीन वर्षं शाबासकी दिली होती आणि माझ्या आजाराला टोमणे. दोघी कँटीनमध्ये बसून यावर खूप हसलो, म्हणजे ती हसली, मग एकदम म्हणाली, मला ती जुनी मी आवडायची गं. यावर काय बोलणार. मी तिला माझ्या डब्यातला शिरा दिला.

परवा ती दोरी घेऊन आल्यापासून मी पुन्हा रात्री वाचत बसायला लागले. 1891 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका बाईला टोचला. सुजलेली, गारठलेली, बोलणं मंदावलेली बाई, वय 46. ती बरी झाली आणि पुढे 28 वर्षं जगली, 1919 पर्यंत, तेवढ्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्या लागल्या म्हणतात. पुढच्याच वर्षी तर दुसऱ्या डॉक्टरांनी टोचायच्या ऐवजी ती ग्रंथी हलकी तळून खायला द्यायला सुरुवात केली. हे वाचून मी रात्री साडेअकराला एकटीच हसले. मेंढ्या, तळलेलं, आणि आमचं गाव. कोल्हापूर जिल्ह्यात मटणाला कधी तोटा नव्हता हो, आजोबा दर रविवारी वाटा आणायचे. औषध शेजारून वाहत होतं.

आणि मीठ. आजीच्या चुलीशेजारी चिनी मातीची बरणी असायची, तिच्यात खडा मीठ, पावसाळ्यात पाणी सुटलेलं, करड्या रंगाचं. थायरॉइडला हॉर्मोन बनवायला आयोडीन लागतं, ते कमी पडलं की गळा सुजतो. समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच असं मला कायम वाटायचं, पण नसतं, मिठागरात सुकून आपल्यापर्यंत येईपर्यंत नावापुरतं उरतं. ते वरून घालावं लागतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भागांत आयोडीनचं मीठ आणि एका भागात साधं मीठ देऊन वर्षानुवर्षं लोकांचे गळे तपासले. आयोडीनवाल्या भागातले गळे उतरत गेले, आणि मग त्या तिसऱ्या भागालाही तेच मीठ दिलं गेलं. 1962 ला देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. पण कार्यक्रम दिल्लीत सुरू होणं आणि आमच्या बरणीत पोचणं यात किती पावसाळे जातात हे आपल्याला माहीत आहे. साधं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी, मग ती उठवली, मग 2006 ला पुन्हा आली. तोवर आजी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. माणसाला दिवसाला आयोडीन लागतं फक्त दीडशे मायक्रोग्रॅम.

एवढं सगळं वाचून मी मनात आजीची केस पूर्ण करून टाकली होती. मोबाईलमध्ये तिचा एकच फोटो आहे, काकाच्या लग्नातला, काळापांढरा, ठुशी घातलेली आणि ठुशीच्या वर गळा दोन्ही बाजूंनी भरलेला. तो घेऊन मी डॉक्टरांकडे गेले, माझ्या रिपोर्टच्या निमित्ताने. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. हो, गॉयटर दिसतोय, म्हणजे गलगंड, म्हणाले. मग मी घोंगडं, भुवया, आवाज, सगळं सांगितलं, जरा जिंकल्यासारख्या आवाजात. ते म्हणाले असेल, शक्य आहे, पण गळा सुजला म्हणजे हॉर्मोन कमीच असतो असं नाही. कित्येकांचा गळा एवढा आणि रिपोर्ट नॉर्मल. सहा बाळंतपणं, चूल, शेत, बाईला थकायला थायरॉइडच कशाला पाहिजे.

मी गप्पच झाले. कारण मला खरंच असं पाहिजे होतं की ती आजारी असावी. म्हणजे मग आजोबा, आत्या, दहाव्याला हसलेले ते लोक, सगळे चुकलेले ठरतात. पण ती नुसतीच दमलेली असेल तर? किंवा आणखी गंमत म्हणजे, ती खरंच निवांत बाई असेल, जिला घाई आवडत नव्हती, जिने ठरवलेलं की ओरडा किती ओरडायचं ते, मी माझ्या गतीने उठणार. तर मग मी तिचा तेवढा एक हट्ट पण काढून घेऊन मेंढीच्या ग्रंथीला देतेय. आणि हे मला अनुभवाने कळतं. हल्ली मी रविवारी दुपारी लोळत पडले की नवरा आळशी म्हणत नाही, तो प्रेमाने विचारतो, गोळी घेतलीस ना गं? चिडले तरी तेच, डोस बघायला हवा का? मला कधीकधी नुसतं आळशी व्हायचं असतं. नुसतं चिडायचं असतं. तो जुना टोमणा निदान मला मारलेला होता.

लग्न छान झालं. भाचीने ठुशी घातली, नवी दोरी मेंदीच्या रंगाची, गोंडा पण देखणा जमला होता. पण मंगलाष्टकं संपून जेवणं सुरू झाली तशी तिने ती काढून माझ्या हातात ठेवली, "मावशी, टोचतंय फार, आणि गळा आवळल्यासारखं होतंय, तू घाल ना." पर्समध्ये ठेवण्यापेक्षा गळ्यात बरी म्हणून घातली. पटवेकऱ्याने दोरी भाचीच्या मापाने धरलेली, मला सरकवून थोडी सैल करावी लागली. किती सैल, ते मी बघितलं नाही. पंगतीत माझ्या समोर चुलतभावाचा चार वर्षांचा मुलगा बसला होता, जिलेबीने बरबटलेला. मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली आणि दोन मोठे घोट घेतले, गर्मी पण होती आणि मठ्ठा चांगला झाला होता. तो हातातली जिलेबी तशीच धरून माझ्या गळ्याकडे बघत राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "परत पी ना."